घाटात तापणारा जुना ट्रक आणि फोंड्याजवळचे एक गॅरेज : सविस्तर अभिप्राय

गोव्यातील फोंड्याहून उसगावच्या दिशेने निघाल्यावर रस्त्याच्या कडेला असलेल्या एका लहान ट्रक गॅरेजविषयी हा अभिप्राय लिहीत आहे. गॅरेजला मोठी पाटी नाही. मालक स्वतःच मिस्त्री आहेत, परिसरातील सगळे त्यांना नुसते ‘मेस्त’ म्हणतात, आणि आपले नाव छापू नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे मीही येथे तेवढेच म्हणणार आहे. आमचा 2003 सालचा ट्रक घाटात तापतो, हे दुखणे त्यांनी दीड दिवसात शोधले आणि ते शोधण्यासाठी इंजिनचा एकही बोल्ट सैल केला नाही. त्याआधीच्या चार महिन्यांत मी दुसऱ्या एका ठिकाणी सुमारे 17,000 रुपये खर्च केले होते आणि इंजिनचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरवण्यासाठी आणखी 38,000 रुपयांचा अंदाज माझ्या हातात होता. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे आणि जे तिच्यावर पोट भरतात, त्यांना या दोन पद्धतींतला फरक कळावा म्हणून सगळे तपशिलाने सांगतो.

ट्रक सहा सिलिंडरचा, टर्बो आणि इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी, रेडिएटरपुढची जाळी) असलेला आहे. मूळचा तो खनिजवाहू टिपर. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या, तेव्हा दारात उभे राहिलेले अनेक टिपर लोकांनी मिळेल त्या किमतीला काढून टाकले. त्यांपैकी हा एक आम्ही घेतला आणि रीतसर नोंद करून त्यावर मालवाहू बॉडी बांधून घेतली. आता तो कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतून माल भरून अनमोड घाटाने बेळगावला जातो आणि परतताना भाजी, कांदा, बटाटा घेऊन येतो. म्हणजे भरलेल्या गाडीने घाट चढणे हे आमच्याकडे आठवड्यातून तीन वेळा होते. खनिजाचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण तो पुढे कामाला येणार आहे.

गेल्या डिसेंबरपासून मोले सोडून घाट सुरू झाला की तापमानाचा काटा वर सरकू लागला. पहिल्या गॅरेजने सांगितले की रेडिएटर आतून चोंदला आहे. त्यांनी टाक्या उघडून नळ्यांना रॉड मारला आणि त्याच वेळी वरखालचे होज पाइप नवे घातले. फरक पडला नाही. मग वॉटर पंप बदलला. तरीही फरक पडला नाही. त्यानंतर ‘ही कटकटच नको’ म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, काढून टाकला, आणि त्या दिवसापासून दुखणे कमी होण्याऐवजी विचित्र झाले. फोंडा ते धारबांदोडा काटा वर येतच नसे, इंजिन थंडच चाले, आणि घाटातली अर्धी चढण संपता संपता काटा थेट लाल पट्टीत जाई. मार्चमध्ये एका फेरीला गाडी उभी केल्याबरोबर क्लीनरने घाईने रेडिएटरची कॅप फिरवली आणि उकळत्या पाण्याने त्या मुलाचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. वीस वर्षांचा मुलगा आहे. तीन आठवडे त्याला काम करता आले नाही, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलते ते हेच. इंजिन बंद केल्यानंतर कॅप हाताला सहज धरता येईल इतकी थंड होईपर्यंत तिला कोणीही हात लावू नये, हे मी त्याला आधीच बजावून सांगायला हवे होते.

यानंतर पहिल्या गॅरेजने ‘हेड गॅसकेट गेली’, म्हणजे हेड आणि खालचे इंजिन यांच्यामधली गळती रोखणारी पट्टी फाटली, असे जाहीर केले. पुरावा काय, तर पाणी फेकते. मी गाडी तिथून काढली आणि एका ओळखीच्या ट्रकमालकाच्या सांगण्यावरून मेस्तांकडे नेली.

मेस्तांची पहिली अट अशी की गाडी आदल्या संध्याकाळी आणून उभी करायची आणि रात्रभर तिला कोणी चालू करायचे नाही, कारण तापणाऱ्या गाडीची अर्धी तपासणी ती पूर्ण थंड असतानाच होते. दुसरी अट अशी की चालकाने स्वतः हजर राहायचे. मालकाला फक्त बिल माहीत असते, गाडी चालकाला माहीत असते, हे त्यांनी मला तोंडावर सांगितले आणि मला ते पटले. सकाळी आठ वाजता त्यांनी चालकाला समोर बसवून जवळपास वीस मिनिटे नुसते प्रश्न विचारले. गाडी रहदारीत उभी असताना तापते की चढावर? चढ संपून उतार लागला की काटा किती वेळात खाली येतो? पाणी चालताना फेकते की बंद केल्यावर? सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर वरचा होज मिनिटभरात दगडासारखा घट्ट होतो का? पाणी रोज किती घालावे लागते, आणि कुठले घालता?

या प्रश्नांमागचा हिशेब त्यांनी मला नंतर समजावून सांगितला. उभ्या गाडीत किंवा रहदारीत तापत असेल तर आधी हवेकडे पाहायचे : पंखा, बेल्ट, पंख्याभोवतीचे आवरण. मोकळ्या रस्त्यावर ठीक आणि चढावर भार आल्यावर तापत असेल तर पाण्याचा प्रवाह आणि रेडिएटरची उष्णता सोडण्याची ताकद तपासायची. थंड इंजिन चालू केल्याबरोबर होज घट्ट होत असेल तर पाणी तापण्याआधीच आत दाब कुठून येतो, हा प्रश्न उरतो, आणि मगच हेड गॅसकेटचा संशय घ्यायचा. आमच्या चालकाचे उत्तर होते, ‘नाही मेस्त, सकाळी होज मऊच असतो.’ तेव्हाच त्यांनी कागदावर गॅसकेटपुढे छोटे प्रश्नचिन्ह काढले आणि संशयितांच्या यादीत तिला सर्वांत खाली नेले.

त्यानंतर मोजमाप सुरू झाले. थंड रेडिएटरच्या तोंडावर त्यांनी हातपंप बसवून दाब दिला आणि दहा मिनिटे काट्याकडे पाहत बसले. काटा हलला नाही, म्हणजे बाहेर गळती नाही. तोच पंप त्यांनी कॅपवर लावला, तेव्हा मात्र कॅपने चौरस इंचाला तीन पौंडांच्या पुढे दाब धरलाच नाही, आणि तिच्यावर आकडा 7 चा होता. हा आकडा केवळ नावापुरता नसतो. सात पौंडांचा दाब टिकला तर पाणी 100 अंशांऐवजी सुमारे 111 अंशांपर्यंत उकळत नाही. दाब सुटला की ती सवलत संपते आणि हेडमधल्या तापलेल्या भागांजवळ पाण्याची वाफ होऊ लागते. वाफ उष्णता वाहून नेत नाही, उलट पाणी बाहेर ढकलते. साडेतीनशे रुपयांची ही वस्तू चार महिन्यांत कोणी तपासलीच नव्हती.

पुढची पायरी काट्याची. केबिनमधला काटा खरे बोलतो की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी इन्फ्रारेड तापमापक वापरला, पण वापरण्याआधी थर्मोस्टॅटच्या घरावर आणि रेडिएटरच्या टाक्यांवर काळ्या चिकटपट्टीचे बोटभर तुकडे लावले. चकचकीत धातूवर हे यंत्र तापमान कमी दाखवते, काळ्या पट्टीवर ते बरोबर दाखवते, असे त्यांनी सांगितले. मी असे यंत्र अनेक गॅरेजांत पाहिले आहे. पट्टी लावताना आजवर कोणालाच पाहिले नव्हते. आमचा काटा प्रत्यक्षापेक्षा सात-आठ अंश जास्त दाखवत होता. म्हणजे काटा थोडा घाबरवत होता; पण गाडी खरोखरच तापत होती, हेही त्याच मोजमापातून स्पष्ट झाले.

हेड गॅसकेटसाठी त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची काचेची नळी बसवली. जळालेला वायू पाण्यात मिसळत असेल तर या द्रवाचा रंग बदलतो. इंजिन तापवून दहा मिनिटे पाहिले, रंग निळाच राहिला. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. भाराखाली उघडणारी बारीक चीर उभ्या गाडीत दिसेलच असे नाही, म्हणून रस्त्यावरून चढ चढवून आणल्यावर हीच चाचणी पुन्हा करायची, असे त्यांनी ठरवले आणि नंतर तशी केलीही. ऑइलची काडी काढून, बोटांवर ऑइल चोळून ते दुधाळ झाले आहे का हेही पाहिले. नव्हते.

मग आला तो क्षण, ज्यासाठी मी हे सगळे लिहायला बसलो. केबिन उचललेली होती, इंजिन चालू होते, आणि मेस्तांनी मला आणि चालकाला रेडिएटरच्या खालच्या होजकडे बघायला सांगितले. मंद गतीवर होज गोल, भरलेला, अगदी निरोगी दिसत होता. त्यांच्या मुलाने इंजिनची गती वाढवून तशीच धरली, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो होज मधोमध आत ओढला जाऊन पुठ्ठ्यासारखा चपटा झाला. गती कमी केल्यावर तो पुन्हा फुगून गोल झाला. त्यांनी हे तीन वेळा करून दाखवले. चालकाने हात कपाळाला लावला.

खालचा होज वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. गती वाढली की पंप जोराने पाणी ओढतो, म्हणून अनेक गाड्यांत या होजच्या आत तारेची स्प्रिंग असते, जी त्याला चपटा होऊ देत नाही. रॉड मारण्याच्या वेळी जो नवा होज घातला होता, तो पातळ रबराचा होता आणि जुन्या होजमधली स्प्रिंग त्यात घातलीच नव्हती. शिवाय कॅप धड असती तर आतल्या दाबाने होज काही प्रमाणात फुगलेला राहिला असता. कॅपही सुटलेली असल्यामुळे त्याला आधार उरला नव्हता. त्यामुळे सपाटीवर पाणी व्यवस्थित फिरत होते, आणि घाटात खालच्या गिअरमध्ये इंजिन सतत वरच्या गतीवर राहिले की ज्या वेळी पाण्याची सर्वांत जास्त गरज असे त्याच वेळी त्याची वाट बंद होत होती. पहिल्या गॅरेजमध्ये गाडी कायम मंद गतीवर तपासली गेली, आणि मंद गतीवर हा दोष दिसणे शक्यच नव्हते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याविषयी मेस्त जरा रागानेच बोलले, आणि त्यांचे म्हणणे प्रत्येक ट्रकवाल्याने ऐकावे असे आहे. आमच्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना त्याची खालची चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी, वाट बंद करते, म्हणजे तापलेले सगळे पाणी रेडिएटरकडेच जाते. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि पाण्याचा एक हिस्सा थंड न होताच पुन्हा इंजिनात फिरत राहतो. म्हणून सपाटीवर इंजिन गरजेपेक्षा थंड चालते, ज्याने डिझेल जास्त जळते आणि सिलिंडरची झीज वाढते, आणि घाटात मात्र ते तापते. आपल्याकडे ‘गाडी गरम होते, थर्मोस्टॅट काढ’ हा उपाय इतका सर्रास सांगितला जातो की मलाही तो खराच वाटला होता.

आणखी एक दोष खनिजाचा. मेस्तांनी रेडिएटरच्या मागे दिवा धरला आणि मला समोरून पाहायला सांगितले. वरच्या पट्ट्यात उजेड दिसत होता, मधल्या आणि खालच्या भागात जवळजवळ काळोख. इंटरकूलर आणि रेडिएटर वेगळे केल्यावर दोहोंच्या मधल्या बाजूला तांबड्या मातीचा, ऑइलमध्ये भिजून घट्ट झालेला थर निघाला. टिपरच्या दिवसांतले ते खनिज असणार. समोरून पाणी मारून तो कधीच निघाला नसता, कारण तो आतल्या बाजूला होता. उलट जोराच्या फवाऱ्याने पातळ पाकळ्या वाकून वाट आणखी बंद झाली असती. त्यांनी साबणाच्या पाण्याने तो थर भिजवून ठेवला आणि मग साध्या नळीने, इंजिनच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, बराच वेळ हळूहळू धुतले. गॅरेजच्या आवारातून गटाराकडे गेलेला तो लाल ओघळ मी बराच वेळ पाहत उभा होतो.

नवा थर्मोस्टॅट फोंड्यात मिळाला तो वेगळ्या अंशांचा होता, तो त्यांनी नाकारला आणि मडगावहून योग्य तो मागवला. यात अर्धा दिवस गेला. बसवण्यापूर्वी त्यांनी तो पाण्याच्या टोपात दोरीने लटकवून, शेजारी तापमापक ठेवून गॅसवर तापवला. 82 अंशांच्या आसपास तो उघडू लागला आणि 95 पर्यंत पूर्ण उघडला. नवी वस्तू म्हणजे चांगली वस्तू असे ते धरून चालत नाहीत. खालचा होज जाड रबराचा आणि स्प्रिंगसह बसवला, वरचाही बदलला, नवी कॅप बसवण्यापूर्वी तीही पंपावर तपासली, आणि नुसत्या पाण्याऐवजी कूलंट व शुद्ध पाणी निम्मे-निम्मे भरले. आमचा चालक घाटातल्या ओहोळाचे किंवा वाटेतल्या बोअरचे पाणी भरत असे. त्याने आत गंज आणि क्षार साठतात, हे त्याला या वेळी नीट समजावले गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अर्धा माल भरलेली गाडी फर्मागुढीच्या चढावर दोनदा चढवली. मी सोबत होतो. वर पोहोचल्याबरोबर कडेला उभे राहून, इंजिन चालू ठेवून त्यांनी टाक्यांवरच्या पट्ट्यांवर यंत्र धरले : वरच्या टाकीला 88, खालच्या टाकीला 79. तिथेच त्यांनी चारही बाजूंच्या ब्रेक ड्रमवरही यंत्र धरले आणि मागचा डावा ड्रम बाकीच्यांपेक्षा बराच जास्त तापलेला निघाला, म्हणजे त्या चाकाचा ब्रेक घासत होता आणि इंजिन विनाकारण ओढत होते. परत आल्यावर निळ्या द्रवाची चाचणी पुन्हा केली. रंग निळाच.

बिल असे झाले : तपासणीचे 1,500, होज आणि क्लॅम्प 1,850, कॅप 350, थर्मोस्टॅट आणि त्याची गॅसकेट 1,200, कूलंट 2,800, रेडिएटर-इंटरकूलर काढून धुण्याची मजुरी 2,500 आणि ब्रेक जुळवण्याचे 600, एकूण 10,800 रुपये. तपासणीचे पैसे वेगळे घेतात म्हणून काही गाडीवाले त्यांच्याकडे जात नाहीत असे ऐकले. मला वाटते की याच पैशांमुळे त्यांना काही ना काही सुटा भाग बदलून दाखवण्याची गरज पडत नाही. दोष सापडला नाही तर हे पैसे घेणार नाही, असेही ते सुरुवातीलाच सांगतात.

आता उणिवा. ब्रेकचे काम करण्यापूर्वी त्यांनी मला विचारले नाही. काम गरजेचे होते, तरी विचारायला हवे होते. फोन सहसा उचलत नाहीत, संध्याकाळी सहानंतर प्रत्यक्ष जाऊन भेटणे उत्तम. लेखी बिल मागितल्यावरच मिळाले, आणि तेही वहीच्या पानावर. आवारात दोनच ट्रक मावतात आणि छप्पर फक्त एकावर आहे, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात मोठे काम असेल तर आठवडाभर थांबावे लागेल. रेडिएटरची गाभ्याची दुरुस्ती ते स्वतः करत नाहीत, बाहेर पाठवतात. चालकाला बसायला एक जुनी गाडीची सीट आहे, पण रात्री मुक्काम करायचा असेल तर आपली सोय आपणच करावी.

त्यानंतर एप्रिल ते जून या तीन महिन्यांत, एप्रिल-मेच्या ऐन उन्हातही, आमची गाडी अनमोड घाटातून पूर्ण भाराने पस्तीसहून अधिक वेळा चढली. चालक प्रत्येक फेरीला घाटमाथ्यावरचा काट्याचा आकडा छोट्या वहीत लिहितो, ही सवय मेस्तांनी त्याला लावली आहे, आणि सगळ्या नोंदी हिरव्या पट्टीतल्या आहेत. कूलंट दोनदा मिळून पाऊण लिटर घालावे लागले. क्लीनर पुन्हा कामावर आला आहे. त्याच्या हातावर डाग राहिला आहे. कॅपच्या शेजारी त्याने लाल रंगाने ‘थांब’ असे लिहून ठेवले आहे.

तुम्ही त्यांच्याकडे जाणार असाल तर गाडी थंड करून न्या, रोजच्या चालकाला सोबत न्या, आणि आधी काय काय बदलले आहे त्याची यादी तारखांसह न्या. आणखी एक : मधल्या काळात काढून टाकलेले जुने भाग फेकून देऊ नका. आमच्या जुन्या होजमधली स्प्रिंग केबिनच्या सीटखाली पडलेली सापडली, मेस्तांनी ती घासून तपासली, आणि तीच आज नव्या होजमध्ये बसलेली आहे.